भाद्रपदातले तोरणमाळ: नवरीचा फोटो आणि कुळाचा फोटो

चातुर्मासात लग्ने नसतात आणि पितृपक्षात तर साखरपुड्याचाही फोटो कोणी काढून घेत नाही, त्यामुळे दोंडाईच्यातल्या माझ्या स्टुडिओला वर्षातून एकदा जी खरी सुट्टी मिळते, ती भाद्रपदाच्या उत्तरार्धात. गेली काही वर्षे त्या सुट्टीतला एक दिवस मी सातपुड्यातल्या तोरणमाळला देतो. पठारावर औषधी वनस्पतींची एक बाग आहे, तिच्या आजूबाजूला जंगल आहे, आणि पावसाळा सरता सरता त्या दोन्ही ठिकाणी एवढे काही फुललेले असते की लग्नसराईत चेहरे टिपून थकलेल्या डोळ्यांना तो मोठाच विसावा वाटतो. पण या वर्षीची फेरी विसाव्याची नव्हती. या वेळी मी कामावर निघालो होतो आणि काम माझ्या भाचीने सांगितले होते.

भाची धुळ्याला महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते. गेल्या वर्षी मी तोरणमाळहून आणलेले निवडक चाळीस फोटो मोठ्या कौतुकाने तिच्यापुढे ठेवले होते. मागची पार्श्वभूमी लोण्यासारखी विरघळलेली, पाकळीवर दवाचा एकच थेंब, कडेने सोनेरी उजेड, असे ते फोटो होते आणि स्टुडिओत येणाऱ्या प्रत्येकाने त्यांची तारीफ केली होती. तिने ते शांतपणे पाहिले, त्यातल्या अकरा झाडांची नावे सांगितली आणि उरलेल्या एकोणतीस फोटोंबद्दल म्हणाली, "मामा, तुम्ही नुसता नवरीचा चेहरा काढून आणलाय. मला कुळ ठरवायचंय. कुळ चेहऱ्यावरून कसं ठरवू?"

वनस्पतींचे वर्गीकरण करणारे लोक 'कुळ' हाच शब्द वापरतात हे मला ठाऊक होते, पण लग्नाच्या फोटोग्राफरला तो इतक्या नेमकेपणाने लागावा याची मला अपेक्षा नव्हती. मग तिने समजावून सांगितले. पाने खोडावर समोरासमोर येतात की एकाआड एक, पानाच्या खालच्या बाजूला लव आहे का, फुलाला मागून धरणारा हिरवा पेला कसा आहे, खोड गोल आहे की चौकोनी, फळ धरले असेल तर ते कसे आहे, आणि झाड उभे आहे, पसरले आहे की दुसऱ्यावर चढले आहे, एवढे दिसले तर फोटोवरून पुष्कळ झाडे ओळखता येतात. नुसत्या पाकळ्यांवरून फार थोडी. शिवाय शेजारी मोजपट्टी ठेवलेला एक तरी फोटो हवा, कारण माझ्या अगदी जवळून टिपणाऱ्या मॅक्रो लेन्समधून तांदळाएवढे फूल आणि वाटीएवढे फूल सारखेच दिसते. तिने गुळवेलीचे उदाहरण दिले. कोरोनाच्या काळात जो तो कुंपणावरची वेल तोडून काढा करू लागला होता, आणि खऱ्या गुळवेलीच्याच जातकुळीतली एक वेल पानांनी तशीच बदामी असते. फरक खोडावर कळतो, कारण त्या दुसऱ्या वेलीच्या खोडावर पुटकुळ्यांसारखे उंचवटे असतात. पानाचा सुंदर फोटो तिथे काहीच कामाचा नाही.

तर या वर्षी कॅमेऱ्याच्या पिशवीत स्टीलची सहा इंची पट्टी, काळी छत्री, वही आणि पेन्सिल एवढे सामान वाढले. बरोबर स्टुडिओतला मदतनीस होता, जो लग्नात माझ्यासाठी लाइट धरतो.

पहाटे पाचला निघालो. सारंगखेड्याच्या पुलाखालून तापी भरून वाहत होती आणि उजाडायला अजून वेळ होता. शहाद्याला चहा झाला. लोणखेडा, म्हसावद, राणीपूर अशी गावे मागे टाकत रस्ता पपई आणि केळीच्या बागांमधून सरळ सातपुड्याकडे जातो आणि मग एकाएकी उभा राहतो. सातपायरी घाट ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्याचे नाव वेगळे समजावून सांगावे लागत नाही. वरच्या वळणावरून खाली पाहिले की आपण आलो ती वळणे एकाखाली एक पायऱ्यांसारखी मांडलेली दिसतात. तोरणमाळ सुमारे ११५० मीटर उंचीवर आहे, अक्राणी तालुक्यात, तापी आणि नर्मदा या दोन नद्यांच्या मधल्या डोंगरात. नाव तोरणाच्या झुडपांवरून पडले असे काही जण सांगतात, काही जण तोरणादेवीचे नाव घेतात. घाटात त्या दिवशी ढग रस्त्यावर उतरले होते.

तिथेच माझी पहिली चूक झाली, आणि ती नवशिक्याची चूक होती. खालच्या उकाड्यात मी गाडीचा एसी लावला होता आणि कॅमेऱ्याची पिशवी नेमकी त्याच्या झोतापुढे ठेवली होती. घाटातल्या एका वळणावर कड्याला झुलणारा तेरडा पाहून घाईने कॅमेरा बाहेर काढला, तर दमट हवा लागताच लेन्सवर बाष्प धरले आणि समोरचे सगळे दुधाळ झाले. थंडगार तांब्यावर पाणी साचते तसाच हा प्रकार. अशा वेळी काच पुसण्यात अर्थ नसतो, कारण पुसली की पुन्हा धरते, आणि लेन्स काढली तर तेच बाष्प आत सेन्सरवर जाऊन बसते. कॅमेरा पिशवीत बंद करून हवेच्या तापमानाला येऊ द्यावा लागतो. वीस मिनिटे गेली. तेवढ्यात आम्ही कळण्याची भाकरी आणि ठेचा संपवला, म्हणून ती वाया गेली असे मी म्हणणार नाही.

बागेत पोहोचलो तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता. वाफ्यांच्या कडेला लावलेल्या पाट्यांवरची अक्षरे उन्हापावसाने इतकी धुतली गेली होती की एका पाटीवर फक्त 'ता' आणि 'री' उरले होते. मधल्या आणि पुढच्या जागा आपण भरायच्या. शतावरी असावी असे मानून पाहिले, तर ती शतावरीच होती. शतावरीची जी बारीक सुईसारखी हिरवी पाने आपण पाने म्हणून पाहतो ती खरे तर पानांचे काम करणाऱ्या फांद्या असतात आणि खरी पाने खवल्यांएवढी होऊन काट्यांच्या बुडाशी उरलेली असतात, हे भाचीने आधीच सांगून ठेवले होते, म्हणून मी ते बूड पट्टीसह टिपले. गेल्या वर्षी याच झाडाचा मी काढलेला फोटो हिरव्या धुक्याचा होता. दिसायला तो अजूनही जास्त चांगला आहे, हे कबूल करतो.

बागेत काम करणारे, पावरा या आदिवासी समाजातले एक वयस्कर बाबा खुरपणी करत होते. आम्ही झाडाच्या फुलाऐवजी बुंध्याशी पालथे पडलेले पाहून ते जवळ आले आणि विचारते झाले, "काय हरवलं का, भाऊ?" मी वहीतली यादी दाखवली. वाचण्याऐवजी त्यांनी माझा हात धरला आणि वाफ्यावाफ्यातून नेऊन एकेका झाडाचे नाव पावरीत सांगितले, मग मराठीत, मग ते कशावर देतात ते. नावे मी फोनमध्ये ध्वनिमुद्रित करून घेतली. पाट्या धुतल्या गेल्याने त्यांचे काही अडत नव्हते. त्यांनी एकदाही पाटीकडे पाहिले नाही.

पेवाचा वाफा ऐन भरात होता. पेव कोकणात आणि सह्याद्रीत पुष्कळांनी पाहिलेले असते. लाल कणसासारख्या बोंडातून पांढरे, चुरगळलेल्या रेशमासारखे फूल बाहेर येते आणि त्याच्या गळ्याशी पिवळी झाक असते. गेल्या वर्षी मी ते फूलच टिपले होते. या वेळी ट्रायपॉड उंच करून कॅमेरा झाडाच्या बरोबर डोक्यावर आणला आणि खाली पाहिले, तेव्हा कळले की या झाडाची गंमत फुलात नाहीच. पाने समोरासमोर नाहीत, दोन बाजूंनाही नाहीत. एकच रांग खोडाभोवती गोल गोल चढत जाते, आणि खोडालाही त्याच बाजूने पीळ पडलेला असतो. सकाळी आम्ही जो घाट चढून आलो त्याची हिरवी प्रतिकृती जणू कोणी वाफ्यात लावून ठेवली होती. पावसाने ओल्या झालेल्या पानांवर आभाळाची चकाकी इतकी होती की हिरवा रंग पांढरा दिसत होता. पोलरायझर, म्हणजे लेन्सवरची चकाकी कापणारी काच, फिरवताच ती उतरली आणि प्रत्येक पानाची शीर दिसू लागली. पोलरायझर दीड-दोन स्टॉप उजेड खातो (एका स्टॉपला उजेड निम्मा होतो), म्हणजे शटर तेवढे मंद करावे लागते, आणि पठारावरचा वारा काही आपल्या शटरसाठी थांबत नाही. सव्वीस फोटोंमधून तीन कामाचे निघाले.

कळलावीने मात्र दिवसाचा मोठा भाग घेतला. बागेच्या कडेला, कुंपणापलीकडच्या झुडपावर ती चढलेली होती. फूल खाली मान घालून असते आणि पाकळ्या उलट्या, वर वळलेल्या. बुडाशी पिवळ्या, टोकाशी लाल, आणि दिवस जातील तशी सगळी लाली पसरत जाते. सहा पुंकेसर चाकाच्या आऱ्यांसारखे आडवे पसरतात आणि मधली कुक्षिवृंताची, म्हणजे स्त्रीकेसराची, दांडी बुडापासूनच काटकोनात वळून एका बाजूला निघते, जणू गर्दीतून अंग चोरून बाहेर पडते आहे. कंदात कोल्चिसिन नावाचे जहाल विष असते. नावाचे दोन अर्थ मी आजवर ऐकले आहेत: घरात आणली तर भांडण लावते म्हणून कळलावी, आणि कंदाचा लेप बाळंतिणीला कळा आणतो म्हणून कळलावी. बाबांनी दुसरा सांगितला आणि लगेच म्हणाले, "पण हात लावायचा नाही. आमच्यातबी जाणत्या बाईलाच ठाऊक."

या फुलाच्या लाल रंगाने गेल्या वर्षी मला फसवले होते. ज्यांनी लाल शालूतली नवरी टिपली आहे त्यांना हे दुखणे माहीत असेल. कॅमेऱ्याच्या पडद्यावर एकूण उजेड बरोबर दिसतो, पण लाल रंगाची वाहिनी एकटीच भरून वाहते, आणि मग शालूची जर आणि चुण्या जाऊन नुसता लाल पत्रा उरतो. कळलावीच्या पाकळीच्या कडा नागमोडी, चुणीदार असतात. गेल्या वर्षीच्या फोटोत त्या चुण्याच नव्हत्या. म्हणून या वेळी कॅमेऱ्यातला उजेडाचा एकत्रित आलेख न पाहता तिन्ही रंगांचे वेगवेगळे आलेख पाहिले आणि लाल आलेख उजव्या, म्हणजे सर्वांत उजळ टोकाच्या, भिंतीला टेकणार नाही इतपत उजेड कमी केला. नवरीच्या बाबतीत मी हे वर्षानुवर्षे करत आलो आहे. फुलाच्या बाबतीत का सुचले नाही, याला उत्तर नाही.

दुसरी अडचण स्पष्टतेच्या खोलीची होती. फूल जवळून, जवळजवळ मूळ आकारात टिपायचे तर एफ ११, म्हणजे लेन्सचे छिद्र बरेच लहान, ठेवूनही दोन मिलिमीटरएवढीसुद्धा जाडी स्पष्ट येत नाही; पुंकेसर स्पष्ट केले तर पाकळ्या जातात, पाकळ्या धरल्या तर ती वाकडी दांडी जाते. उपाय एकच, कॅमेरा हलू न देता फोकस थोडा थोडा पुढे सरकवत आठ-दहा फोटो काढायचे आणि घरी संगणकावर एकावर एक रचायचे. त्यासाठी फूल तेवढा वेळ स्थिर हवे. मदतनीस काळी छत्री वाऱ्याकडे धरून उकिडवा बसला. एक झुळूक गेली की दुसरी यायच्या आत चार फोटो मिळत, पाचव्याला फूल मान हलवी आणि सगळे पहिल्यापासून. पाऊण तासाने तो म्हणाला, "भाऊ, नवरदेवबी इतला टाइम लावत नाही." त्याचे म्हणणे खरे होते. लग्नात मी कोणालाही "जरा हनुवटी वर करा, वहिनी" असे सांगू शकतो आणि लोक ऐकतात. माझ्या धंद्यातले निम्मे कसब बोलण्यात आहे, आणि ते इथे घाटाखालीच ठेवून यावे लागते.

या वेलीची भाचीने मुद्दाम मागितलेली गोष्ट फुलाची नव्हतीच. कळलावीच्या पानाचे टोक लांबत जाऊन त्याचाच वेटोळा होतो आणि त्या टोकाने ती आधार धरून चढते. मी ते टोक शोधले तेव्हा त्याने शेजारच्या वाळक्या काडीला अडीच वेढे दिलेले होते. पट्टी लावून मोजले, वेढ्याचा गोल तीन मिलिमीटरचा. त्या फोटोत काही म्हणता काही सौंदर्य नाही, पण घरी पडद्यावर मोठा करून पाहिला तेव्हा वेढ्याच्या दाबाने काडीची साल दबलेली दिसली, आणि मी बराच वेळ तोच पाहत बसलो.

सफेद मुसळीचा बहर आषाढ-श्रावणातच होऊन गेला होता. पाने पिवळी पडून जमिनीवर लोळत होती आणि बोंडांतून काळे बी सांडत होते. ही वनस्पती शास्त्राच्या पुस्तकात गेली ती १९५० च्या दशकात, वनस्पतिशास्त्रज्ञ फादर सांतापाऊ आणि फर्नांडिस यांनी तिचे वर्णन केले तेव्हा, आणि नाव मिळाले ते मुंबईच्या बोरिवलीवरून. सातपुड्यातल्या लोकांना मात्र ती त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. पुढे बाजारात मुळ्यांना भाव आला आणि जंगलातली मुसळी भराभर खोदली गेली. बाबांनी बोटाने मातीतले बी दाखवले. "पान वाळून मातीला लागलं, बी सांडलं, मग खोदायचं. भाव चांगला म्हणून आधीच खोदलं तर पुढच्या पावसात काय उगवंल?" यावर त्यांनी मला आणखी एक विचारले, की हे फोटो मोबाईलवर टाकले तर जागा कळते का? प्रश्न अगदी योग्य होता. आजचे कॅमेरे आणि फोन फोटोबरोबर जागेचे अक्षांश-रेखांश लिहून ठेवतात, आणि दुर्मीळ कंदाच्या फोटोसोबत ते फुकट वाटणे म्हणजे चोराला किल्ली देणे. मी त्यांच्यासमोर ती सोय बंद केली. जंगलातल्या झाडांचे जे फोटो मी टाकेन त्यांच्याखाली फक्त 'सातपुडा' एवढेच लिहिलेले असेल.

बागेतून निघताना बाबांनी एका वेलीची दोन पाने तोडून आमच्या हातावर ठेवली आणि चावायला सांगितले. चव कडवट, तुरट. विशेष काही नाही. तळ्याजवळच्या टपरीवर चहा घेतला, तेव्हा मदतनिसाने पहिल्या घोटालाच टपरीवाल्याला साखर विसरल्याबद्दल विचारले. टपरीवाला हसला, कारण त्याला आमच्या जिभेचा रंग दिसत होता. ते गुडमारचे पान होते, ज्याला काही ठिकाणी बेडकीचा पाला म्हणतात. त्यातली द्रव्ये जिभेवरच्या गोड चवीच्या जागा अडवून बसतात आणि मग साखर चिमूटभर नुसती तोंडात टाकली तरी रेतीसारखी लागते. आम्ही तेही करून पाहिले. अर्ध्या तासाने गोडी परत आली, पण चहा संपलेला होता.

यशवंत तलाव, सीताखाई, मच्छिंद्रनाथांची गुहा हे सगळे आम्ही धावते पाहिले. सीताखाईत पाणी जोरात कोसळत होते आणि कठड्याशी फोन उंचावलेल्या लोकांची गर्दी होती. तिथला फोटो आता प्रत्येकाच्या खिशात आहे, माझ्या आणखी एकाने काही बिघडणार नाही आणि सुधारणारही नाही. कमळ तलावावर पोहोचायला दुपार झाली आणि कमळे मिटत आली होती. कमळे टिपायची तर सकाळी आधी तिथे जावे, बाग नंतर ठेवावी. परतताना घाटाच्या तोंडाशी पावरा बायका टोपल्यांत सीताफळे घेऊन बसल्या होत्या. डोळे उघडलेली फळे निवडून दोन पाट्या घेतल्या.

रात्री संगणकावर मोजले, तर तेवीस झाडांचे मिळून सहाशे बारा फोटो होते. दुसऱ्या दिवशी ते भाचीला पाठवले. संध्याकाळी तिचा फोन आला. बावीस झाडांची नावे लागली होती, त्यातल्या दोन ठिकाणी तिने बाबांच्या ध्वनिमुद्रणाचा आधार घेतला होता, आणि शास्त्रीय नावाशेजारी पावरी नाव लिहिण्यासाठी तिने एक वेगळा रकाना केला होता. अडली होती ती तेविसावी, कुंपणावर पसरलेली, मोठ्या बदामी पानांची आणि जांभळट गुलाबी, कर्ण्यासारख्या फुलांची वेल. "समुद्रशोक वाटतेय, मामा. पण पानाची खालची बाजू कुठेय?"

नव्हती. फूल पुढून होते, बाजूने होते, मागून होते, पट्टी लावलेले पान होते, खोडही होते. पान उलटून पाहायचे तेवढे राहिले होते. एरवी मी बिघडलेले फोटो जागेवरच पुसून टाकतो, पण त्या दिवशी वाऱ्यामुळे बिघडलेल्यांची संख्या इतकी होती की पुसायला सवडच मिळाली नव्हती. म्हणून ते सगळे पुन्हा एकेक करून पाहिले. एकशे सत्त्याऐंशीव्या फोटोत छत्री वाऱ्याने उलटली होती, तिची एक काडी मधोमध आली होती, फूल अर्धे चौकटीबाहेर गेले होते, मदतनिसाचा अंगठा कोपऱ्यात दिसत होता, आणि त्याच झुळकेने वेलीची तीन पाने पालथी केली होती. खालची बाजू पांढरीशुभ्र, रेशमी लवेने चमकणारी. तो फोटो मी तसाच, न कापता, पाठवला. समुद्रशोकच. पुढच्या आठवड्यात भाची विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी सहाशे बारांमधून चार फोटो मोठे करून घेणार आहे आणि त्या चारांत कळलावीचे फूल नाही. अंगठ्याचा हा फोटो आहे.